मास्क पूर्ण भरला की नाकात पाणी जाते, कृतीत काय चुकत असावे?

सागरगोटा:
नमस्कार. मी सध्या स्कूबा डायव्हिंगचा प्राथमिक अभ्यासक्रम करत असून तरणतलावातील सराव सुरू आहे. डोळे आणि नाक झाकणाऱ्या मास्कमध्ये पाण्याखाली निम्मे पाणी घेऊन ते बाहेर काढणे मला जमते. परंतु मास्क पूर्ण भरला की पाणी नाकाला लागताक्षणीच श्वास अडकतो, मी घाईने मान वर करतो आणि नेमके तेव्हाच नाकात पाणी शिरून ठसका लागतो. मग सरळ उभे राहून डोके पाण्याबाहेर काढण्यावाचून गत्यंतर उरत नाही. तलाव उथळ असल्यामुळे हे निभावते, समुद्रात निभावणार नाही. वरची चौकट दाबायची, वर पाहायचे, नाकाने हवा सोडायची, ही कृती मला तोंडपाठ आहे. प्रशिक्षक "घाबरू नका" असे सांगतात, पण ते सांगून थोडेच थांबते! मला मिशा आहेत आणि मी सॉफ्ट कॉन्टॅक्ट लेन्स वापरतो. त्याचा याच्याशी काही संबंध असू शकतो का?

पाणकावळा:
आपण कृती ज्या क्रमाने लिहिली आहे, त्या क्रमातच अडचण दिसते. मान सरळ असताना नाकपुड्या खाली तोंड करून असतात, त्यामुळे मास्क पूर्ण भरलेला असला तरी नाकातील हवा, उलटा करून पाण्यात बुडवलेल्या पेल्यातल्या हवेप्रमाणे, जागच्या जागी राहते आणि पाणी आत शिरत नाही. आपण मान मागे टाकता तेव्हा तो पेला आडवा होतो. म्हणून आधी नाकाने हवा सोडण्यास सुरुवात करावी, बुडबुडे निघू लागल्याचे जाणवल्यावरच हनुवटी हळूहळू वर न्यावी, आणि हवा सुटत असेपर्यंतच ती वर ठेवावी. बाहेर वाहणारा हवेचा प्रवाह चालू असेल तर पाण्याला नाकात येण्यास वाटच उरत नाही.

दुसरी गोष्ट जोराची. बहुतेक नवशिके नाक शिंकरल्यासारखा एकच जोरदार फुत्कार सोडतात, आणि ती हवा कडेने जिकडे फट मिळेल तिकडून निसटून जाते. सोडलेली हवा मास्कच्या वरच्या भागात साठली पाहिजे, कारण तीच पाण्याला खाली ढकलते आणि पाणी खालच्या कडेखालून बाहेर पडते. वरची चौकट बोटांनी दाबण्याचे कारणही हेच, की हवा वरून निसटू नये. गाणे गुणगुणताना नाकातून जितकी सावकाश हवा जाते तितकी पुरते. डोळे उघडे ठेवता येत असतील तर पाण्याची रेषा डोळ्यांसमोरून खाली उतरताना स्पष्ट दिसते, आणि खालच्या कडेतून बुडबुडे सुटू लागले की काम झाले असे समजावे. थोडे पाणी तळाशी राहिले तर तोंडाने पुन्हा श्वास घेऊन तेच करावे. एकाच श्वासात मास्क रिकामा झाला पाहिजे, असा काही दंडक नाही. शिवाय सर्वसाधारण मास्कमध्ये फार तर पाव लिटरच्या आसपास पाणी मावते, तर शांतपणे बसलेला प्रौढ माणूस एका श्वासात सुमारे अर्धा लिटर हवा आत घेतो.

आता श्वास अडकण्याविषयी. चेहऱ्याला, विशेषतः नाकाभोवतीच्या त्वचेला, थंड पाणी लागले की श्वास आपोआप रोखला जातो. ही शरीराची उपजत प्रतिक्रिया आहे, तिचा धैर्याशी संबंध नाही. ती हुकमाने थांबत नसली तरी सवयीने बोथट होते. त्यासाठी मास्क बाजूला ठेवून, कमरेइतक्या पाण्यात, रेग्युलेटर (टाकीतील हवा तोंडात देणारे साधन) किंवा स्नॉर्कल (वरची हवा घेण्याची नळी) तोंडात धरून केवळ चेहरा बुडवावा आणि तोंडाने श्वास घेऊन तोंडानेच सोडत राहावे. ते सहज होऊ लागले की तोंडाने घेऊन नाकाने सोडावे. पाडी या डायव्हिंग प्रशिक्षण संस्थेच्या ओपन वॉटर या प्राथमिक अभ्यासक्रमात मास्कशिवाय किमान एक मिनिट श्वास घेण्याचा सराव असतो, पण आपल्यासारख्यांनी तो कंटाळा येईपर्यंत करावा, असे माझे मत आहे. नाक आणि तोंड यांचे व्यवहार वेगळे झाले की मास्क भरलेला असणे ही किरकोळ गैरसोय उरते.

शिंपला:
वरील उत्तराशी सहमत आहे, म्हणून केवळ मिशा आणि लेन्स यांबद्दल लिहितो. मिशांमुळे ठसका लागत नाही, मात्र मास्कची सिलिकॉनची कड त्वचेला नीट चिकटत नाही आणि पाणी सतत झिरपत राहते. नाकाखालची अगदी अरुंद पट्टी भादरली तरी बराच फरक पडतो. केसांवर सिलिकॉन ग्रीस लावता येते, पेट्रोलियम जेली मात्र लावू नये, कारण तिने रबराचे भाग खराब होतात. गळती थांबवण्यासाठी पट्टा आवळत जाण्याची चूक फार जण करतात. त्याने कड वाकते आणि गळती वाढते. पट्टा न लावता मास्क चेहऱ्यावर टेकवून नाकाने हलकेच श्वास आत ओढावा. तो न पडता चिकटून राहिला तर मास्क आपल्या चेहऱ्याला योग्य आहे.

मास्क भरताना लेन्स वाहून जाऊ नये म्हणून डोळे मिटावेत आणि तसे करणार असल्याचे प्रशिक्षकांना आधी सांगावे, म्हणजे ते डोळे उघडण्याची खूण करणार नाहीत. रोज टाकून देण्याच्या लेन्स वापरणे उत्तम, कारण पाणी लागलेली लेन्स पुढे वापरल्यास डोळ्यांना जंतुसंसर्ग होऊ शकतो. डोळ्यांच्या नंबराच्या काचाही मास्कला बसवून मिळतात.

सागरगोटा:
दोघांचेही आभार. दोन शंका उरतात. खोलवर दाब जास्त असताना मास्क रिकामा करणे अधिक कठीण जाते का? आणि तिथे ठसका लागलाच, तर काय करावे?

पाणकावळा:
कठीण जात नाही. रेग्युलेटर आपल्याला त्या खोलीच्या दाबाचीच हवा देतो, त्यामुळे दहा मीटरवर टाकीतील हवा पृष्ठभागाच्या दुप्पट खर्च होते खरी, पण श्वास सोडण्याची कृती तीच राहते.

ठसका लागला तर रेग्युलेटर हाताने तोंडाशी घट्ट धरून त्यातच खोकावे. हवा त्याच्या झडपेतून बाहेर जाते, आणि खोकून झाल्यावर नेहमीप्रमाणे श्वास घेता येतो. मात्र श्वास रोखून वर धाव घेणे कटाक्षाने टाळावे. दहा मीटरवर भरलेली फुप्फुसातील हवा पृष्ठभागापर्यंत येताना दुप्पट जागा मागते, आणि दीड-दोन मीटर खोलीवरूनही श्वास कोंडून वर आल्यास फुप्फुसाला इजा होऊ शकते. तलावात ठसका लागताच उभे राहण्याची आपली सवय मला म्हणूनच खटकली. पुढच्या सरावात प्रशिक्षकांना तळाशी आपल्या समोर गुडघ्यांवर बसून आपला दंड धरायला सांगा, आणि पहिला ठसका तिथेच, रेग्युलेटर न सोडता, खोकून संपवा.