एसएसचे (स्टेनलेस स्टीलचे) नट अर्ध्यातच जाम होतायत, टॉर्क (आवळायचा जोर) किती द्यायचा?

छतावरचा_सोलर
गुहागरला समुद्राजवळ घराच्या छतावर सोलर पॅनेल बसवतोय. क्लॅम्पचे बोल्ट एसएस 304 चे, एम8, डोक्यावर ए2-70 लिहिलंय. इम्पॅक्टने (ठोके देत फिरणाऱ्या मशीनने) आवळताना काल 3 नट अर्ध्यातच जाम झाले, पुढे जाईना मागे येईना, एक बोल्ट तर पिळवटून तुटलाच. माल नवाकोरा, गंजाचा पत्ता नाही. फिटर म्हणतो 8.8 ला (हाय-टेन्साइल स्टीलच्या बोल्टला) देतो तसा 25 न्यूटन मीटर द्या, बिनधास्त. देऊ का?

जुना_फिटर
भाऊ आधी इम्पॅक्ट खाली ठेवा. ह्याला गॉलिंग म्हणतात. एसएसवर क्रोमियम ऑक्साइडचा पातळ थर असतो, आटे दाबाखाली घासले की तो निघतो आणि धातू धातूला चिकटतो, वेल्डिंग केल्यासारखा. भरभर फिरवलं की गरम होतं, मग अजूनच लवकर धरतं. आट्यात धूळ, ॲल्युमिनियमचा कीस असेल तरी हेच. आटे ब्रशने साफ करा, अँटी-सीझ (आटे चिकटू न देणारी वंगण पेस्ट) लावा आणि हाताने सावकाश आवळा. नट जड लागला की लगेच थांबा, जोर करू नका.

टॉर्करेंच
25 अजिबात नको. ए2-70 मधला 70 म्हणजे ताण सोसायची ताकद 700 मेगापास्कल, पण 450 ला बोल्ट कायमचा ताणला जायला लागतो, 8.8 मध्ये हेच आकडे 800 आणि 640 आहेत. एम8 ला ढोबळमानाने 15-16 न्यूटन मीटर धरतात. पण क्लॅम्पवाल्याच्या कागदावर आकडा असेल तर तोच पाळा, खाली ॲल्युमिनियमची रेल आहे ती आधी दबते.

जुना_फिटर
आणि हो, अँटी-सीझ लावलंत तर कोरड्या आट्यांचा आकडा तसाच वापरू नका!! लावलेल्या जोरातला बराचसा घर्षणातच जातो, बोल्ट ताणायला जेमतेम दहावा हिस्सा उरतो, म्हणून घर्षण कमी झालं की तेवढ्याच टॉर्कला बोल्ट कितीतरी जास्त ताणला जातो. ल्यूब केलेल्याचा आकडा वेगळा बघा.

छतावरचा_सोलर
मनापासून आभार दादा. जाम झालेले आता ग्राइंडरने कापतो, ठिणग्यांनी काचेवर डाग पडतात म्हणून ओलं गोणपाट टाकलंय. समुद्राजवळ आहे तर बदलताना 316 चे घेऊ का?

टॉर्करेंच
घ्याच, खाऱ्या हवेत 304 ला तांबूस डाग येतात. ए4-70 लिहिलेले (ए4 म्हणजे 316) बघून घ्या, ताकद तीच, त्यामुळे टॉर्कही तोच. अँटी-सीझ मात्र त्यालाही लागणारच.