रिकाम्या वाइनच्या बाटल्या घरच्या वाइनला परत वापरल्या तर चालतात का?

केंटवासी:
नमस्कार मंडळी. आम्ही इंग्लंडात केंटमधे राहतो. ऑगस्टअखेर घरामागच्या पायवाटेवर कुंपणाच्या झुडपांना ब्लॅकबेरी लगडल्या होत्या, मुलांनी आणि मी मिळून तीन किलो तोडल्या, जॅम करून दोन किलो उरल्या म्हणून शेजारच्या आजींनी सांगितलं तशी पहिल्यांदाच वाइन लावली. एक गॅलनची डेमीजॉन (वाइन आंबवायची मोठी काचेची बाटली) आहे, म्हणजे साडेचार लिटर. आता जानेवारी उजाडला, दोनदा साक्यावरून निथळून घेतली, रंग इतका सुंदर आलाय की येता जाता खिडकीशी नेऊन बघते.

आता बाटल्यांचा प्रश्न. सहा लागतील. नव्या घ्यायला जिवावर येतंय, कारण रिकाम्या बाटल्या आपण दर आठवड्याला बॉटल बँकेत (काच गोळा करायच्या सार्वजनिक पेटीत) टाकतोच. गोळा केल्यात त्यात चार फिरकीच्या झाकणाच्या, तीन बुचाच्या आणि एक प्रोसेकोची (फेसाळ इटालियन वाइनची) जाड बाटली आहे. यातल्या कुठल्या चालतील? लेबलं कशी काढायची? आणि धाकटीच्या दुधाच्या बाटल्या निर्जंतुक करायला आणलेल्या मिल्टनच्या गोळ्या घरात आहेत त्या चालतील का? आई फोनवर म्हणाली लोणच्याच्या बरणीसारख्या धुऊन उन्हात वाळव, पण इथे या दिवसात ऊनच नाही.

डेमीजॉनवाला:
ताई, बिनधास्त वापरा, मी बारा वर्षं जुन्याच बाटल्या वापरतोय. पण बाटलीच्या आधी वाइनचं बघा, ते जास्त महत्त्वाचं आहे. हायड्रोमीटर (वाइनची घनता मोजायची काचेची नळी, त्यावरून साखर किती उरली ते कळतं) आहे का? नसेल तर आधी तो घ्या. आकडा १.००० च्या खाली, साधारण ०.९९० ते ०.९९६ च्या आसपास यायला हवा आणि चार-पाच दिवसांनी परत मोजला तरी तोच राहायला हवा. बुडबुडे थांबले म्हणजे आंबणं संपलं असं नाही, थंडीत यीस्ट नुसतं झोपतं. माझ्या दुसऱ्या वर्षी हेच झालं, नोव्हेंबरात बुचं मारून जिन्याखाली आडव्या ठेवल्या, मार्चमधे घर जरा उबदार झाल्यावर रात्री आवाज आला, जाऊन बघतो तर दोन बुचं बाहेर आलेली आणि एक बाटली मानेपासून खालपर्यंत फुटलेली, काचा पार भिंतीपर्यंत. मुलगी तेव्हा चार वर्षांची, तिची खेळणी तिथेच असायची. अजून आठवलं की पोटात गोळा येतो. साधी वाइनची बाटली आतला दाब सोसायला बनवलेलीच नसते. आणि वाइन गोड करायची असेल तर नुसती साखर घालून बूच मारू नका, यीस्टने परत आंबवू नये म्हणून आधी पोटॅशियम सॉर्बेट आणि कॅम्पडेनची गोळी (सल्फाइटची) दोन्ही घालायला लागतं.

आता बाटल्या. बुचाच्या तीन उत्तम. फिरकीवाल्यांत कॉर्करने (बूच दाबून बसवायच्या हत्याराने) बूच ठोकू नका, तोंडाची काच त्या जोरासाठी नसते, कडा टवकते आणि तुकडा आत वाइनमधे पडतो. त्यांना झाकणच लावा, पण जुन्या झाकणाच्या आतली चकती एकदा दबलेली असते, परत तशी घट्ट बसत नाही, म्हणून दोन-तीन महिन्यांत प्यायची असेल तीच त्यात भरा. प्रोसेकोची काच मजबूत आहे पण तिचं मूळ बूच परत आत जात नाही, त्याला प्लॅस्टिकचं शॅम्पेनचं बूच मिळतं.

मिल्टन म्हणजे क्लोरीन. चालतं, पण नंतर तीन-चार पाण्यांनी खळखळून धुवायला पाहिजे, क्लोरीन मागे राहिलं तर बुचाशी मिळून ओल्या पुठ्ठ्यासारखा वास धरू शकतो आणि तो मग काही केल्या जात नाही. मी सोडियम मेटाबायसल्फाइट वापरतो, अर्धा लिटर पाण्यात एक चमचा आणि चिमूटभर सायट्रिक अ‍ॅसिड, तेच पाणी एका बाटलीतून दुसरीत ओतत जायचं. खिडकी उघडी ठेवा, वास छातीत बसतो, घरात कुणाला दमा असेल तर त्याला लांब ठेवा. (कॅम्पडेनच्या गोळीतही हेच असतं. ग्लॉस्टरशरमधल्या चिपिंग कॅम्पडेनला १९२० च्या दशकात ती तयार झाली, म्हणून ते नाव.)

आणि निर्जंतुक करणं वेगळं, धुणं वेगळं. बुडाला जो आत उंचवटा असतो त्याच्या भोवतीच्या खाचेत जुना साका वाळून चिकटतो, बाटली उजेडाकडे धरून तिरकी करून बघा. तिथे काळपट कडं दिसलं तर मूठभर तांदूळ, कोमट पाणी आणि थोडा धुण्याचा सोडा घालून जोरात हलवा. तरीही निघालं नाही तर ती बाटली बॉटल बँकेतच जाऊ दे. डिशवॉशरवर विसंबू नका, त्याचं पाणी अरुंद मानेतून आत नीट पोचत नाही.

खोबरेल:
लेबलांचं मी सांगते. कागदाची असतील तर बादलीत गरम पाणी आणि धुण्याचा सोडा, बाटल्या रात्रभर बुडवून ठेवायच्या, सकाळी लेबल उकडलेल्या बटाट्याच्या सालीसारखं अख्खं हातात येतं. हल्लीची प्लॅस्टिकसारखी लेबलं मात्र पाण्याला दाद देत नाहीत, त्यांच्यासाठी बाटलीतच नळाचं गरम पाणी भरायचं, पाच मिनिटं थांबायचं आणि कोपऱ्यातून हळूहळू ओढायचं. उकळतं नको, थंड काच तडकते. मागे राहिलेला चिकटा खोबरेल तेल आणि खायचा सोडा एकत्र करून चोळला की जातो. आणि रिकामी झाली की लगेच विसळून उलटी ठेवायची सवय लावली तर आत घासायचं काम जवळजवळ उरतच नाही.

नाशिककर:
छान माहिती. आमच्याकडे जूनमधे जांभळं भरपूर असतात, याच पद्धतीने घरी करता येईल का?

डेमीजॉनवाला:
दादा, पद्धत तीच, पण महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय घरीसुद्धा करता येत नाही, तेव्हा तिथे नको. इंग्लंडात स्वतःपुरती करायला बंदी नाही, विकायची मात्र नाही.

केंटवासी:
सगळ्यांचे मनापासून आभार. आज हायड्रोमीटर आणून मोजलं, १.००८ आलं! म्हणजे मी या शनिवारी भरणार होते ते केवढं चुकलं असतं. डेमीजॉन एअरलॉकसकट (वायू बाहेर सोडणारं, पण हवा आत न येऊ देणारं झाकण) स्वयंपाकघरात उबेला आणून ठेवलीय. बाटल्या मात्र कालच सोड्यात टाकल्या, दोन लेबलं निघाली, तिसरं तेलाने काढतेय. बुचं मारल्यावर लगेच आडव्या ठेवायच्या की उभ्या?

डेमीजॉनवाला:
आधी तीन दिवस उभ्या, बूच फुगून नीट बसतं, मग आडव्या. भरताना बूच आणि वाइनमधे दीड-दोन सेंटीमीटर जागा सोडा.