टूजी बंद करा म्हणणाऱ्यांनी एकदा रात्री दारं धरायला यावं

रानवस्ती
काल इथं फोरमवर साध्या फोनच्या जुन्या टूजी नेटवर्कबद्दल एकानं लिहिलं : ‘टूजी म्हणजे मेलेलं तंत्रज्ञान. बंद करा आणि तो स्पेक्ट्रम (रेडिओ लहरी) फाइव्हजीला द्या. मूठभर साध्या फोनवाल्यांसाठी सगळ्यांनी का थांबायचं?’ रात्रभर ते डोक्यातून गेलं नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

अकोले तालुक्यात आमची विहीर घरापासून दीड किलोमीटरवर, ओढ्याकाठी. थ्री फेज लाइट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. पूर्वी दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला, रात्री बाराला बॅटरी घेऊन मोटर चालू करायला जावं लागायचं. उसात बिबट्या, बांधावर घोणस. सात वर्षांपूर्वी मोबाइल स्टार्टर बसवला. पेटीत सिम असतं. घरून रिंग दिली की मोटर चालू, परत दिली की बंद. फेज गेला तर पेटीच फोन करते. माझ्या आईनं त्या दिवशी पेटीला हळदकुंकू लावलं होतं. ही पेटी फक्त टूजीवर चालते. टूजी गेलं की भंगार. शिवारात निम्म्या विहिरींवर हीच पेटी आहे. आम्ही मूठभर?

शिवाय टूजी ९०० मेगाहर्ट्झवर, डोंगराआडही पोचतं. तुमचं फाइव्हजी ३३०० वर, भिंतीपाशीच दम तोडतं.

बँडवाला
ते मीच लिहिलं होतं आणि त्यावर ठाम आहे. लांब जातो तो बँड, म्हणजे लहरींचा पट्टा, टूजी नव्हे. आकडा जितका कमी, तितकी लहर लांब. त्याच ९०० वर फोरजी चालतं. जिओ तर ७०० वर फाइव्हजी चालवतं, ते त्याहून लांब जातं. जिओकडे २०१६ पासून टूजी नाहीच, काय अडलं?

आणि सुरक्षेचं कोणी बोलत नाही. टूजीत फोन टॉवरला ओळख पटवतो, टॉवर फोनला पटवत नाही. कोणीही खोटा टॉवर उभा करून बँकेच्या नावानं मेसेज सोडू शकतो. उगाच नाही अँड्रॉइड १२ पासून काही फोनमध्ये टूजी बंद करायची सोय आली. माझ्या काकांचे असल्याच एका मेसेजमुळे ऐंशी हजार गेले.

रानवस्ती
तो मेसेज खोट्या टॉवरवरूनच आला हे कशावरून?

बँडवाला
सिद्ध करता येणार नाही. पैसे गेले हे खरं आहे.

आजोळ
तुमचं टूजी-फाइव्हजी चालू द्या, मला सिमबद्दल बोलायचंय. आई ७८ वर्षांची, बटणाचा फोन, इंटरनेट शून्य. तिला फक्त माझा फोन घ्यायचा असतो. त्यासाठी दर २८ दिवसांनी रिचार्ज, म्हणजे वर्षात तेरा वेळा! महिना २८ दिवसांचा कुणी ठरवला? मागच्या पावसाळ्यात मी विसरले, तिचं आउटगोइंग बंद झालं. त्याच आठवड्यात ती अंगणात घसरून पडली. फोन हातात होता, लागत नव्हता. शेजारची मुलगी दूध द्यायला आली तेव्हा कळलं.

बँडवाला
ताई, डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायनं, म्हणजे दूरसंचार नियामकानं, फक्त कॉल-मेसेजचे प्लॅन ठेवणं कंपन्यांना सक्तीचं केलं. मुदत ३६५ दिवसांपर्यंत ठेवता येते. असा प्लॅन घ्यायचा होता.

आजोळ
घ्यायचा होता म्हणे! दुकानदारानं दाखवलाच नाही. खेड्यातल्या म्हातारीनं ट्रायचे आदेश वाचायचे का?

खांबावरचा
ताईंचं शंभर टक्के खरं. माझ्या तीन विहिरींवर तीन सिम. त्या पेट्या महिनाभरात चार मिनिटंसुद्धा बोलत नाहीत, तरी तिघींचा रिचार्ज. कांद्याला भाव नसतो त्या वर्षी हाच खर्च आधी टोचतो. टूजी राहू दे, पण आधी हे थांबवा.

बँडवाला
विषय कुठून कुठे नेताय? रिचार्जचा आणि टूजीचा काय संबंध?

खांबावरचा
शहरात बसून संबंध दिसणार नाही.

बँडवाला
शहर काढू नका. माझे वडील चाळीस वर्षं दारं धरत होते. पायाला साप चावला तेव्हा रात्री दोनला मीच त्यांना बैलगाडीतून नेलं. मला रात्रीच्या लाइटीचं शिकवू नका.

रानवस्ती
मग तुम्हाला तर कळायला हवं होतं, दादा. बँडचं तुमचं मान्य करतो, मला ते माहीत नव्हतं. पण आमच्या टॉवरवर ९०० वर फोरजी आहे का? नाही. एअरटेलनं २०१९-२० मध्ये थ्रीजी गुंडाळलं, टूजी ठेवलं. युरोपातही बऱ्याच कंपन्यांनी तसंच केलं. त्यांना हिशेब कळत नाही असं थोडंच आहे?

बँडवाला
फोरजीच्या पेट्या मिळतात. बदला.

रानवस्ती
पैसे कोण देणार? आधी टॉवरवर फोरजी, मग पेट्या बदलून द्या, मग टूजी काढा. या क्रमानं आमची हरकत नाही.

बँडवाला
क्रम मान्य. नाइलाजानं, पण मान्य. तारीख मात्र ठरली पाहिजे, नाहीतर अजून वीस वर्षं हेच चालेल. काकांचे पैसे मी विसरलेलो नाही.

आजोळ
आणि २८ दिवसांचं?

रानवस्ती
त्यावर वेगळा धागा काढा ताई, पहिली सही माझी. आता बाराला लाइट येईल. पेटीची रेंज दोन काड्या दाखवतेय.