आठ फुटी बेडच्या पिकअपला फिफ्थ व्हील हिच कुठला घ्यावा?

राउंडरॉककर

मंडळी, नमस्कार. ऑस्टिनच्या उत्तरेला राहतो. यंदा फोर्ड एफ-२५० घेतला, २०१९ चा, डिझेल, क्रू कॅब, आठ फुटी बेड (मागचा सामानाचा हौदा). आता फिफ्थ व्हील ट्रेलर घ्यायचं मनात आहे, म्हणजे ज्याचं नाक पिकअपच्या बेडमध्ये बसवलेल्या हिचवर (जोडणीच्या यंत्रावर) टेकतं तो फिरता घरासारखा ट्रेलर. फिरायला आम्ही दोघं आणि एक चांगला पोसलेला लॅब्राडोर. ट्रेलर अजून घेतलेला नाही, पण एक ३२ फुटी मनात भरलाय. ब्रोशरवर रिकामं वजन ९,८०० पौंड, भरून जास्तीत जास्त १२,४००, पिनवरचं (नाकाखालच्या खिळीतून ट्रकच्या पाठीवर येणारं) वजन १,७८०.

दुकानदार म्हणतो स्लायडरच (बेडमध्ये मागेपुढे सरकणारा हिच) घ्या, तोही २५ हजार पौंडांचा, म्हणजे उद्या मोठा ट्रेलर घेतलात तरी चिंता नको. किंमत ऐकून चहा न पिता परत आलो. इंटरनेटवर बघावं तर कुणी रेल म्हणतं, कुणी पक, कुणी गूजनेकच्या बॉलवर अडॅप्टर. आमच्या बारामतीकडे ट्रॅक्टरला ट्रॉली जोडायची तर खीळ टाकली की काम झालं, इथे नुसत्या नावांनीच डोकं फिरलं.

माझ्या बेडमध्ये प्लास्टिकची पाच झाकणं आहेत, चार चौकोनात आणि एक मधोमध. ती कशाची? आणि कॅबमागे आडवी टूलबॉक्स आहे, ती ठेवता येईल का?

कळंबोली_ते_डॅलस

पाच झाकणं असतील तर अर्धं काम फॅक्टरीनेच करून ठेवलंय. चार कोपऱ्यांतली भोकं पकची (हिचचे पाय अडकवायच्या तयार खाचा), मधलं गूजनेकच्या बॉलचं (ट्रेलर जोडायची दुसरी तऱ्हा, त्यात पिनेऐवजी बेडमधला गोळा असतो). खाली चॅसिसला आडवा बीम आधीच बसवलेला असतो. पकवर बसणारा हिच आणा, चार पाय भोकांत सोडा, हँडल फिरवा, झालं. रेलच्या वाटेला जाऊ नका. रेल म्हणजे बेडला भोकं पाडायची, खाली ब्रॅकेट लावायचे, आणि हिच काढला तरी दोन पट्ट्या बेडमध्ये कायमच्या. २०१७ पासून सुपर ड्यूटीची बॉडी ॲल्युमिनियमची आहे, तिला उगाच कशाला भोकं पाडता?

स्लायडर हा छोट्या बेडचा इलाज. साडेपाच-साडेसहा फुटी बेडमध्ये हिच कॅबच्या इतका जवळ येतो की काटकोनात वळताना ट्रेलरचा कोपरा मागच्या काचेवर येतो, म्हणून हिच मागे सरकवायची सोय. तुमच्या बेडमध्ये मागच्या ॲक्सलपासून कॅबपर्यंत साडेचार फुटांच्या आसपास जागा आहे. ट्रेलर १०२ इंच रुंद धरला तर निम्मा ५१. पण नुसतं निम्मं मोजून भागत नाही, कारण ट्रेलरचं नाक पिनच्या पुढे आलेलं असतं. पिनच्या मध्यापासून नाकाच्या कोपऱ्यापर्यंत तिरकं माप घ्या. नाक गोलाई दिलेलं असेल तर आठ फुटी बेडला साधा फिक्स हिच पुरतो. स्लायडरला पैसे जास्त, वजन जास्त, आणि झिजणारे भाग जास्त. दुकानदाराला मात्र तो विकायला आवडतो.

आता मुद्द्याचं. वडिलांचे कळंबोलीत ट्रेलर होते, न्हावाशेवाहून कंटेनर आणायचे. तिथेही हेच यंत्र: खाली पाचवं चाक, वर किंगपिन, जबडा पिनेला धरतो. पाचवं चाक तुटल्याचं मी कधी ऐकलं नाही. टायर फुटलेले आणि पाटे बसलेले रोज बघितले. तेव्हा २५ हजाराचा हिच घ्या नाहीतर ३० हजाराचा, तुमचा ट्रक त्याने एक पौंडही जास्त उचलणार नाही.

ड्रायव्हरचं दार उघडा. खांबावर पांढरं-पिवळं स्टिकर असेल, माणसं आणि सामान मिळून अमुक पौंडांच्या वर जाऊ नये असं. त्या आकड्यात तुम्ही, वहिनी, लॅब्राडोर, टूलबॉक्स, हिच आणि पिनवरचं वजन हे सगळं बसायला हवं. ब्रोशरवरचे १,७८० विसरा. ते बॅटरी नसलेल्या, गॅसच्या टाक्या रिकाम्या असलेल्या ट्रेलरचे. बॅटरी, गॅस, पुढची मोठी डिकी हे सगळं नाकाकडे असतं, त्यामुळे सामान भरलं की भार पिनवरच वाढतो. फिफ्थ व्हीलमध्ये एकूण वजनाच्या १५ ते २५ टक्के पिनवर येतं. मी २० च्या खाली धरत नाही. १२,४०० चे २० टक्के २,४८०. स्टिकरवर काय आहे ते सांगा, मग हिचचं बोलू.

मधुरा_चाकांवर

वरच्या सगळ्याला दुजोरा. आमचा ट्रक रॅमचा आहे, पण पकची तऱ्हा तीच.

मी हिच निवडताना एकच बघितलं: तो बेडमधून काढणार कोण? घरी आलं की बेडमध्ये माती, मल्च, कुणाचा तरी सोफा असतोच, म्हणजे हिच सारखा काढा-घाला. आमच्याकडे बी अँड डब्ल्यूचा कंपॅनियन आहे, कॅन्ससमध्ये बनतो. जबडा उत्तम, पिन आत गेली की ट्रेलर मागेपुढे धक्के देत नाही. पण दोन भाग सुटे करूनही खालचा भाग मला एकटीला उचलत नाही. गॅरेजच्या छताला कप्पी बांधली आहे. अँडरसनचा ॲल्युमिनियमचा मात्र एका माणसाला सहज उचलतो. त्यात जबडा नसतो, बॉल असतो, आणि ट्रेलरच्या किंगपिनला एक कपलर कायमचा लावावा लागतो.

गूजनेक अडॅप्टरबद्दल: पिनला लांब दांडा लावून खालच्या बॉलवर बसवलं की ओढ खालून लागते आणि ट्रेलरच्या चॅसिसला मोठा पीळ बसतो. काही चॅसिसवाले अशा अडॅप्टरवर वॉरंटी देत नाहीत. आधी लेखी विचारा.

आणखी एक गोष्ट, जी दुकानात कुणी सांगत नाही. बेडच्या कडा आणि ट्रेलरच्या नाकाचा तळ यांत साडेपाच-सहा इंच मोकळे हवेत. हल्लीचे फोर-बाय-फोर ट्रक उंच, त्यामुळे हिचची उंची वाढवून अंतर मिळवायला गेलं की ट्रेलर नाक वर करून चालतो आणि मागच्या ॲक्सलचे टायर भरडले जातात. ट्रेलर घेण्याआधी सपाट जागेवर त्याच्या पिनच्या पाटीची (पिनभोवतीच्या सपाट लोखंडी पत्र्याची) उंची मोजून या.

जोडताना: ट्रेलरची पाटी हिचच्या डोक्यापेक्षा किंचित खाली ठेवायची, म्हणजे ट्रक मागे घेताना ती घासत वर चढते. पाटी उंच राहिली तर पिन जबड्यात न शिरता वरच टेकते, आणि पहिल्या वळणाला किंवा खड्ड्याला ट्रेलर बेडच्या कडांवर येऊन आदळतो. म्हणून जोडल्यावर टॉर्च लावून जबडा पिनेमागे मिटलाय का ते बघायचं. मग ट्रेलरचे पुढचे पाय जमिनीला जेमतेम टेकलेले ठेवून, कंट्रोलरने ट्रेलरचे ब्रेक हाताने दाबून, ट्रक हलकेच पुढे ओढायचा. आमचे हे टॉर्च धरतात, मी ओढते. उलटं केलं की भांडण होतं.

राउंडरॉककर

दोघांचे आभार. दार उघडून बघितलं. २,६४०.

२,४८० पिनचे, अडीचशे हिचचे, आम्ही दोघं आणि कुत्रा मिळून ४००. हे ३,१०० च्या पुढे जातंय. डिझेल ट्रक एवढा दणकट, आणि उचलतो इतकंच? टोइंगचा आकडा तर केवढा मोठा लिहिलाय.

कळंबोली_ते_डॅलस

ओढणं वेगळं, पाठीवर घेणं वेगळं. एफ-२५० चं भरून एकूण वजन १०,००० पौंडांत बसवलेलं असतं आणि डिझेल इंजिन जड, मग उरणार किती? जवळजवळ हाच ट्रक एफ-३५० म्हणून घेतला असता तर स्टिकरवर बराच मोठा आकडा मिळाला असता. स्प्रिंगच्या जोडीला एअर बॅग (हवेच्या उशा) लावा म्हणून कुणी सांगेल. त्याने ट्रक मागे बसलेला दिसत नाही, स्टिकर मात्र तेच राहतं.

ट्रक विकू नका, ट्रेलर बदला. भरून १०,००० च्या आतला बघा. पिनवर २,००० धरा, तुम्ही तिघं ४००, उरले २४०. जड हिच घेतलात तर टूलबॉक्स जाणार. अँडरसन घेतलात तर वजनात टूलबॉक्स बसेल, पण कोपऱ्याचं माप घेताना मग कॅबऐवजी टूलबॉक्सपर्यंत मोजायचं, आणि ती जागा पुरेल असं मला वाटत नाही. मी तुमच्या जागी टूलबॉक्स गॅरेजमध्ये ठेवली असती आणि जबड्याचा हिच घेतला असता. १६ हजाराचा पुष्कळ झाला.

पहिल्या सहलीला भरलेल्या गाडीसकट ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केलवर (ट्रकच्या वजनकाट्यावर) जा. जोडून एकदा वजन करा, मग ट्रेलर सोडून नुसत्या ट्रकचं करा. ट्रकच्या दोन्ही ॲक्सलची बेरीज जेवढ्याने कमी झाली, तेवढं पिनचं खरं वजन.

राउंडरॉककर

सौ.ला तो ३२ फुटीतला स्वयंपाकघराचा कट्टा आवडला होता, ते बघावं लागेल. लायसन्सचं काही करावं लागतं का?

मधुरा_चाकांवर

टेक्सासमध्ये ट्रक आणि ट्रेलरची रेटिंग (भरून जास्तीत जास्त वजन) मिळून २६,००० पौंडांवर गेली आणि ट्रेलर एकटा १०,००० वर असला तरच क्लास ए लागतो, तोही बिगर-कमर्शियल. तुम्ही २० हजाराच्या आसपास आहात, साधं लायसन्स चालेल. कॅलिफोर्नियाच्या लायसन्सवाल्यांना १०,००० ते १५,००० पौंडांमधल्या फिफ्थ व्हीलला वेगळं एंडोर्समेंट लागतं.

बिग बेंड नॅशनल पार्कला जाणार असाल तर बुकिंग तिथल्या रिओ ग्रांदे व्हिलेज या तळाचं करा. चिसोस बेसिनच्या रस्त्याला वीस फुटांवरचा ट्रेलर आणू नका असं पार्कच सांगतं. आणि कट्ट्याचं म्हणाल तर २८ फुटीतही चांगले कट्टे मिळतात, बेटवाला (मधोमध सुटा) नको, मागच्या भिंतीला लागून असलेला बघा.