अनुभव धागा: नवी घोडी आणि हरवलेली मांड

डिसेंबरात, दत्तजयंतीच्या सारंगखेड्याच्या घोडेबाजारातून मी सात वर्षांची मारवाडी घोडी घेतली. वयाच्या ४३व्या वर्षी. लहानपणी नागपूरच्या फुटाळा तलावावर घोड्याच्या एका फेरीसाठी बाबांचा हात ओढायचे, तेव्हापासूनची ही इच्छा. त्याआधी दोन वर्षं शिकवणीच्या शांत घोड्यांवर बसत होते, त्यामुळे आपल्याला येतं असं वाटत होतं.

नंदुरबार जिल्ह्यातून ट्रकने ती फेटरीच्या तबेल्यात आली आणि तिसऱ्याच दिवशी मी खोगीर चढवलं. चूक तिथेच झाली. तिला ना जागा ओळखीची, ना शेजारचा घोडा, ना मी. कुंपणावरची निळी ताडपत्री फडफडली, ती बुजून आडवी उडाली आणि मी खाली. डोक्यावर हेल्मेट होतं म्हणून खांद्यावर निभावलं. पण पुढचे दोन महिने रिकिबीत पाय घालायचा म्हटलं की पोटात गोळा यायचा.

ते दोन महिने मी जमिनीवरच राहिले. सकाळी साडेसहाला खरारा, खूर उचलून साफ करणं, मग दोरी धरून तिच्या खांद्याशी चालणं. मी थांबले की तिने थांबायचं, मागे म्हटलं की दोन पावलं मागे. मारवाडीच्या कानांची टोकं आत वळलेली असतात. ते कान वाचायलाही मला वेळ लागला. पाचव्या आठवड्यात फाटकाची कडी वाजली की ती दबक्या आवाजात साद घालू लागली. फेब्रुवारीअखेर वर बसले, पाच मिनिटं, आणि उतरले. आता रिंगणात दुडकी जमते. बाहेरच्या कच्च्या रस्त्यावर मात्र अजून हात घट्ट होतात.

तुम्ही नवं जनावर आणलंत तेव्हा किती दिवस लागले? भीती वाटली असेल तर तेही लिहा.

काटोलहून

ताई, आमच्या घरी बैलजोडी पिढ्यान्‌पिढ्या, घोडी मात्र पहिलीच. आनली तेव्हा वाटलं, पाहुनी आहे, चांगलं खाऊ घालू. पहिल्याच दिवशी पोटभर लसूणघास आन हरभऱ्याची चंदी देल्ली. जुन्या मालकाकडं ती कडब्यावर होती. रात्री पोटाकडं मान वळवून पाहे, पाय आपटे, बसे, उठे, घामानं ओलीचिंब. घोड्याले उलटी होत नाही, हे मले डॉक्टरनं त्या रात्री सांगितलं. नळीनं औषध देल्लं, मग सांगतील तसं हळूहळू फिरवत राह्यलो. पहाटे तिनं लीद टाकली तेव्हा माह्या डोळ्यांत पानी आलं. जुन्या ठिकानचा चारा दोन-चार पोते मागून घ्या, आन नवा चारा आठ-दहा दिवसांत थोडा थोडा वाढवा. मी महिनाभर तिच्यावर बसलोच नाही. पन त्या रात्रीपासून ती माह्यामागं चालते, दोरी नसली तरी.

कामठीहून

फौजेत रिमाउंट अँड व्हेटर्नरी कोअरमध्ये २२ वर्षं घोड्यांत काढली, त्यावरून सांगतो.

घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. अगदी कपाळासमोरचं आणि शेपटीमागचं त्याला दिसत नाही. डावीकडून ओळखीची झालेली वस्तू उजवीकडून त्याला पुन्हा नवी वाटू शकते. ताडपत्री दोन्ही अंगांनी दाखवा.

तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, आवळताना बरेच घोडे पोट फुगवतात. चार पावलं चालवा, पुन्हा आवळा, मगच चढा.

आणि एका लगामाने थांबणं आधी रिंगणात शिकवून ठेवा. मान हळूहळू आपल्या गुडघ्याकडे वळवायची. मागचे पाय बाजूला सरकले की पुढचा जोर संपतो. थांबला त्या क्षणी लगाम सैल. हे साध्या चालीत शंभर वेळा करा. भरधाव घोड्याची मान एकदम ओढलीत तर तो पडू शकतो, हे पक्कं लक्षात असू द्या. हात घट्ट झाले तर आयाळ धरा, लगाम नको. आणि मोठ्याने गाणं म्हणा. गाताना श्वास कोंडत नाही आणि पाठ आपोआप सैल होते.

उमरेड रोडवरून

माझा अनुभव वेगळा आहे, पण लिहिलाच पाहिजे. मी स्वतः नवशिका असताना चार वर्षांचा, खच्ची न केलेला घोडा घेतला. देखणा होता, त्यावर भुललो. आठ महिन्यांत तो बिघडत गेला आणि मीही. शेवटी मुरलेल्या स्वाराकडे दिला. आज तो उत्तम चालतो, आणि मी १४ वर्षांच्या शांत घोडीवर रोज बसतो. जोडी जमली नाही तर सोडण्यात कमीपणा मानू नका.

हिंगण्याहून

माझा घोडा तीन आठवडे शहाण्यासारखा वागला, मग तंग आवळताना चावायला धावू लागला. लोक म्हणाले, तुला जोखतोय, दोन फटके दे. मी दिले नाहीत, याचं आजही समाधान आहे. जागा बदलल्यावर तो वाळला होता आणि जुनं खोगीर पाठीला टोचत होतं. बोटं फिरवली की एका जागी कातडी थरथरायची. महिनाभर विश्रांती आणि मापाचं खोगीर, एवढ्यावर चावणं थांबलं.

मेमध्ये आपल्याकडे पारा ४५च्या वर जातो, तेव्हा ऊन चढायच्या आत उतरा. एरवी दिवसाला ३०-४० लिटर पिणारा घोडा उन्हाळ्यात त्याहून बरंच जास्त पितो. गव्हाणीत मिठाचा खडाही ठेवा.

फेटरीहून, पुन्हा

सगळं दोनदा वाचलं. काल ताडपत्री उजवीकडून दाखवली. ताडपत्री डावीकडे असताना निवांत चरणाऱ्या माझ्या घोडीने मान ताठ केली, नाकपुड्या फुलवल्या. आम्ही वीस मिनिटं तिथेच उभ्या राहिलो. शेवटी तिने नाक लावलं. रविवारी पहाटे शेजारच्या म्हाताऱ्या घोड्यामागून नाल्यापर्यंत जाणार आहे. काटोलच्या दादा, तुमची घोडी आता कशी आहे?