मदत हवी आहे: आप्पांच्या डिसॅबिलिटी पेन्शनसाठी आर्मीचे जुने मेडिकल कागद कसे मिळवायचे?

नमस्कार मंडळी. प्रश्न माझ्या वडिलांचा आहे. जरा लांबड लागेल, सांभाळून घ्या.

आप्पा मराठा लाइट इन्फंट्रीतून २४ वर्षं नोकरी करून २००९ साली हवालदार म्हणून रिटायर झाले. आमचं गाव खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या बाजूला. मी लग्नानंतर बेळगावात असते, त्यामुळं कॅम्पातली (लष्करी छावणीतली) आणि सैनिक बोर्डातली, म्हणजे माजी सैनिकांच्या कल्याण कार्यालयातली, धावपळ माझ्याच वाट्याला.

२००२ च्या फेब्रुवारीत ऑपरेशन पराक्रम चालू होतं आणि त्यांची पलटण राजस्थान सीमेवर होती. रात्री गाडीतून दारूगोळ्याच्या पेट्या उतरवताना पाय घसरला आणि ते पेटीसकट कमरेवर पडले. दहा-बारा दिवस मिलिटरी हॉस्पिटलात काढले, मग लाइट ड्यूटी. पुढच्या वर्षी लो मेडिकल कॅटेगरी (पूर्ण तंदुरुस्त नाही असा शेरा) झाली ती रिटायर होईपर्यंत राहिली. निघताना मेडिकल बोर्ड झाला, त्यात कमरेच्या मणक्याची डिसॅबिलिटी २० टक्के धरली. पण २०१० मध्ये इंग्रजी पत्र आलं की क्लेम नामंजूर, कारण हा आजार सर्व्हिसमुळं झालेला नाही आणि सर्व्हिसमुळं वाढलेलाही नाही. आप्पांनी ते पत्र गावच्या मास्तरांकडून वाचून घेतलं आणि ट्रंकेत ठेवून दिलं. अपील वगैरे असतं हे घरात कुणाला ठाऊकच नव्हतं.

आता त्यांना गुरांच्या गोठ्यात वाकून शेण काढता येत नाही. बसमधनं बेळगावला आले की पहिला अर्धा तास दाराला धरून उभेच असतात. तरी म्हणतात, "कशाला उकरून काढायलीस गं पोरी, सरकारनं एकदा नाही म्हटलं की नाही."

गेल्या महिन्यात एका कार्यालयात गेले तर खिडकीवरचे म्हणाले, "मेडिकल पेपर तगोंड बर्री" (मेडिकल पेपर घेऊन या). कुठले पेपर ते सांगेनात. दोन दिवसांनी परत गेले तर "नाळे बर्री" (उद्या या). कन्नड मला येतं, अडचण भाषेची नाही. नेमकं काय मागायचं हेच मला माहीत नाही, मग समोरचा तरी काय देणार?

हाताशी आहे ते असं: डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), ते नामंजुरीचं पत्र आणि मागच्या वर्षीचा एमआरआय. डॉक्टरांकडून नवीन सर्टिफिकेट घेतलं तर चालेल का? गावात एकानं सांगितलं की आधी अपंगत्वाचं यूडीआयडी कार्ड काढा, त्यावर मिळतं. खरं आहे का? आणि इतक्या वर्षांनी काही होतं का, की म्हाताऱ्याला उगीच आशा लावायची?

— जांबोटीकर

जुना क्लार्क:

ताई, मी रेकॉर्ड ऑफिसच्या कामात उमेदीची वर्षं घालवलेला माणूस आहे, म्हणून जरा अधिकारानं सांगतो.

यूडीआयडी विसरा. ते कार्ड २०१६ च्या दिव्यांग कायद्याखालचं. बसपास, सवलती यासाठी ते काढा हवं तर, पण तिथला टक्का वेगळा आणि फौजेचा टक्का वेगळा. तिथं बऱ्याच लाभांना ४० टक्के लागतात, इथं २० ला दार उघडतं. फौजेचा टक्का फौजेचा मेडिकल बोर्डच ठरवतो.

तुमच्या आप्पांचा टक्क्याचा प्रश्न नाहीच, २० धरलेले आहेत. अडलंय ते "सर्व्हिसशी संबंध नाही" या एका ओळीवर. म्हणून आज कंबर किती दुखते याच्या कागदापेक्षा २००२ साली ती कशी दुखावली याचा कागद शोधा. एमआरआय दहा काढलेत तरी त्यात पेटी दिसणार नाही.

मागायचे कागद सांगतो. पहिला रिलीज मेडिकल बोर्डाचा, म्हणजे निघताना झालेल्या बोर्डाचा अहवाल, फॉर्म ए.एफ.एम.एस.एफ. १६, सगळ्या पानांसकट. त्यात कमांडिंग ऑफिसरनं भरायचा भाग असतो आणि शेवटी बोर्डाचं मत असतं, ती दोन्ही पानं नीट वाचा. "संबंध नाही" म्हणताना कारण लिहिलंय का, की नुसताच शेरा मारलाय, ते बघा. दुसरा, २००३ पासूनच्या सगळ्या कॅटेगरी बोर्डांची प्रोसीडिंग, म्हणजे तपासणीची कागदपत्रं. तिसरा इंजरी रिपोर्ट, आय.ए.एफ.वाय. २००६, आणि कोर्ट ऑफ इन्क्वायरी (पलटणीतली चौकशी) झाली असेल तर तिची प्रत. चौथा भरतीच्या वेळचा मेडिकल तपासणी अहवाल, आणि हा बहुतेक जण मागायलाच विसरतात. भरतीवेळी माणूस धडधाकट होता हे त्यातनं दिसतं. २०१३ च्या धरमवीर सिंग निकालात सुप्रीम कोर्टानं तेच धरलंय: भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर तो नोकरीत झाला असं मानायचं, आणि तसं नाही हे दाखवायची जबाबदारी सरकारची.

माहिती अधिकारात अर्ज करा, फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. अर्ज आणि सही आप्पांचीच हवी, तुमची नको. मेडिकल माहिती दुसऱ्याच्या नावानं मागितली की "खासगी माहिती" म्हणून परत येते. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावातच आहे, हे नशीब समजा. बाकीच्या पलटणींची माणसं कुठं कुठं पत्रं टाकत बसतात.

घाबरू नका, पण रेंगाळूही नका. माणूस नोकरीतून गेल्यावर त्याची सर्व्हिस कागदपत्रं बरीच वर्षं ठेवतात, पण कायमची नाही. हॉस्पिटलाकडची केस शीट (उपचारांची नोंद) मात्र तितकी टिकत नाही, म्हणून घरातली ट्रंक आधी उपसा.

कॅम्पातली डॉक्टरीण:

सर्टिफिकेटबद्दल मी लिहिते, कारण चुकीचं सर्टिफिकेट मी स्वतः दिलेलं आहे. एका माजी सैनिकाला "मिलिटरी सर्व्हिसमुळे कायमचे अपंगत्व, पेन्शन मिळावी" असं ठोकून दिलं होतं, चांगल्या मनानं. ते फायलीतनं असं बाजूला टाकलं गेलं की पुन्हा कुणी त्याकडं पाहिलं नाही. १५-२० वर्षांपूर्वीच्या घटनेचा मी साक्षीदार नाही, मग मी कशावरनं लिहिलं?

तुमच्या डॉक्टरांना सांगा, पेन्शन हा शब्दच नको. पेशंट कधीपासून येतो, तपासणीत काय सापडलं, पाय सरळ किती उचलता येतो, एमआरआयमध्ये कुठल्या पातळीवर काय आहे, किती वेळ बसता-उभं राहता येतं, किती वजन उचलता येत नाही, हे आकड्यांत लिहा. त्यांनी आप्पांचे जुने मिलिटरी कागद पाहिले असतील तरच, "सोबतच्या २००२ च्या कागदातील दुखापतीशी आजची स्थिती सुसंगत आहे" इतकं एक वाक्य. कागद पाहिले नसतील तर तेही नको. तारीख, शिक्का, रजिस्ट्रेशन नंबर. आणि आप्पांना ईसीएचएसची (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेची) सोय आहे ना? मग पॉलिक्लिनिकमध्येही नियमित दाखवा, तिथली नोंद सलग राहिलेली बरी. आमच्याकडं माणसं फाइल करायची असली की एकदम चार तपासण्या करून घेतात आणि आधीची दहा वर्षं कोरी असतात.

जांबोटीकर:

दोघांचेही मनापासून आभार. काल गावी जाऊन ट्रंक उघडली. काळी, वर पांढऱ्या रंगात नंबर आणि नाव, आत डांबराच्या गोळ्यांचा वास. आप्पा खाटेवर बसून "त्यात काही नाही" म्हणत होते. तळाला जुन्या रेशनकार्डात घडी घातलेला कागद निघाला. हॉस्पिटलची डिस्चार्ज स्लिप, कार्बनची प्रत, जांभळा शिक्का अर्धा उडालेला. तारीख २००२ ची. डॉक्टरच्या अक्षरात दोन ओळी आहेत, त्यात "वजन उचलताना पडल्याने" अशा अर्थाचे इंग्रजी शब्द अगदी स्पष्ट वाचता येतात. मी वाचून दाखवलं तर आप्पा म्हणाले, "व्हय की, तो बंगाली डॉक्टर होता, चांगला माणूस." इतक्या वर्षांत हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, कुणी विचारलंही नव्हतं.

इंजरी रिपोर्ट मात्र भरलाच नव्हता म्हणतात. "सगळी पलटण बॉर्डरवर, कागद कोण भरतंय." मग संपलं का सगळं?

आणि अपिलाची मुदत?

जुना क्लार्क:

संपलं नाही. इंजरी रिपोर्ट नसला तर ती स्लिप हाच तुमचा सगळ्यात जुना कागद. तिची आधी रंगीत स्कॅन करा, कार्बन उडून जातो. मूळ प्रत कुठल्याच खिडकीत देऊ नका, कुणी कितीही गोड बोललं तरी. त्यावेळी गाडीवर बरोबर असलेला कुणी हयात असेल तर त्याचं प्रतिज्ञापत्र घ्या. मराठा पलटणीत अर्धी माणसं आपल्याच मुलखातली, खानापूर, चंदगड, निपाणी, गडहिंग्लज. आप्पांनी दोन फोन केले तर सापडेल कुणीतरी.

पहिल्या अपिलाला नामंजुरीच्या पत्रापासून सहा महिने असतात, ते गेले. तरी उशीर का झाला ते खरं लिहून, उशीर माफ करा अशी विनंती जोडून रेकॉर्ड्समार्फत अपील घाला. तिथं नाही झालं तर आर्म्ड फोर्सेस ट्रिब्यूनल, म्हणजे फौजेतल्या माणसांच्या दाव्यांचं न्यायाधिकरण. पेन्शन दर महिन्याची असते म्हणून हक्क मेला असं कोर्ट सहसा धरत नाही, पण २००८ च्या तरसेम सिंग निकालामुळं मागची थकबाकी बऱ्याचदा अर्ज केल्याच्या आधीच्या तीन वर्षांचीच धरली गेली आहे. म्हणजे तुम्ही जितके महिने घालवाल तितके कायमचे जाऊ शकतात.

रकमेचं सांगतो, म्हणजे आप्पांना समजावता येईल. १०० टक्के डिसॅबिलिटीला शेवटच्या पगाराच्या ३० टक्के. २० टक्के मान्य झाले की ते ५० धरतात, २०१४ च्या राम अवतार निकालानंतर मुदत पुरी करून निघालेल्यांनाही. म्हणजे पगाराच्या १५ टक्के, वर महागाई भत्ता.

सीमेवरचा:

एक गंमत सांगू का. तुम्ही कर्नाटकात राहता म्हणून तुमचं ट्रिब्यूनल कोचीला. माझे मामा चंदगडात, बेळगावपासून तासाभरावर, पलटणही तीच, त्यांची केस मुंबईला चालली. मामांना निदान वकिलाशी मराठीत बोलता आलं. तुम्हाला तिथं कागदच बोलावे लागतील, म्हणून फाइल पक्की करा. वकील करण्याआधी सैनिक बोर्डात जाऊन अर्ज तपासून घ्या, तिथं पैसे लागत नाहीत. "टक्क्यावर काम करतो" म्हणणारे एजंट कॅम्पात भेटतील, त्यांना लांबूनच रामराम.

जांबोटीकर:

माहिती अधिकाराचा अर्ज आज पोस्टानं गेला, आप्पांच्या सहीनं. सही करताना त्यांनी आपण होऊन नंबर, रँक, नाव एका दमात लिहिलं, मला विचारावंच लागलं नाही. गाडीवर बरोबर असलेले एक काका उचगावात सापडलेत. रविवारी जाऊन येतो आम्ही. प्रतिज्ञापत्र मराठीत केलं तर चालेल की इंग्रजीतच हवं?

जुना क्लार्क:

मराठीत करा, त्यांना जसं आठवतं तसं, त्यांच्याच शब्दांत. खाली इंग्रजी भाषांतर जोडा आणि दोन्हींवर नोटरी घ्या. काकांना तारीख नक्की आठवत नसेल तर "फेब्रुवारीच्या सुमारास" म्हणू दे, ओढून ताणून स्लिपवरची तारीख त्यांच्या तोंडी घालू नका. आणि काकांचाही सर्व्हिस नंबर लिहून घ्या, ते त्या वेळी त्याच कंपनीत होते हे दाखवावं लागेल.