जुनी इशापूर .315 रायफल : ग्रुप फाटतो, स्कोप कसा बसवावा?

नेमबाज_दादर: ली-एन्फिल्ड (जुनी ब्रिटिश लष्करी रायफल) बांधणीची .315 आहे, परवान्यावर चढलेली. 50 मीटरवर टेकू देऊनही पाच गोळ्या 10 सेंमीत येत नाहीत आणि नळी तापली की ग्रुप (गोळ्यांच्या भोकांचा पुंजका) वर सरकतो. स्कोप लावून फायदा होईल का? रिसीव्हरला (बोल्ट बसतो तो धातूचा मुख्य भाग) भोकं पाडायची नाहीत.

लाकूड_आधी: स्कोपने नेम नीट दिसेल, ग्रुप आवळणार नाही. तापल्यावर वर सरकतो म्हणजे पुढचं लाकूड नळीला रेटतंय, असा पहिला संशय घ्या.

रायफल रिकामी असल्याची खात्री करून बोल्ट काढा. ट्रिगर गार्डचा पुढचा मोठा स्क्रू सैल करा, पुन्हा आवळा. त्या वेळी नळी आणि लाकडाच्या फटीवर बोट ठेवा. हालचाल जाणवली तर बैठक (धातू लाकडात बसण्याची पद्धत) चुकली आहे. मग लाकूड उतरवा. मॅगझिनच्या खाचेमागे धक्का झेलणारे दोन खांदे असतात. धातूला काजळी लावून जोडा. ठसा दोन्हीकडे सारखा हवा. एकाच खांद्यावर भार आला की ग्रुप फाटणारच. बंदुकीच्या तेलाने मऊ पडलेले खांदे कोरून तिथे कठीण लाकडाचे तुकडे बसवावे लागतात.

नळीच्या तोंडाची कडही भिंगाखाली बघा. साफ करायच्या दोरीने ती एका बाजूला झिजते. मुंबईच्या पावसाळ्यात लाकूड फुगतं, म्हणून नळी बसते त्या खाचेलाही आतून जवसाचं तेल द्या आणि ऑक्टोबरात पुन्हा झीरो (नेम आणि गोळी जुळते का) तपासा.

डावा_माउंट: भोकं नकोत तर नळीवरच्या मागच्या साइटच्या जागी बसणारा माउंट (स्कोप धरणारा आधार) आणि लांबून बघायचा स्कोप. साधा स्कोप डोळ्यापासून 8-9 सेंमीवर लागतो, हा साधारण 25 सेंमीवर. साइटचा बेस आधी कॅलिपरने मोजा. एन्फिल्डचा म्हणून विकलेला माउंट .315 ला बसेलच असं नाही. न ड्रिल करता रिसीव्हरला चिमटणारे माउंट मला पटत नाहीत, धक्क्याने सरकतात.

भोकं चालत असतील तर सर्वात भक्कम पद्धत रिसीव्हरच्या डाव्या बाजूच्या पट्टीची. दुसऱ्या महायुद्धातल्या क्रमांक 4 मार्क 1 (टी) या ब्रिटिश स्नायपर रायफलींचा स्कोप असाच बसवलेला होता. स्कोप उंच येतो, म्हणून दस्त्यावर गालासाठी लाकडी उंचवटाही असे. तो नसेल तर मान वर राहते आणि नेम दर वेळी बदलतो. स्क्रूचं तेल पुसून निळं थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद) लावा.

परवाना_पाहा: ड्रिलिंग किंवा बैठकीचं काम दुरुस्तीचा परवाना असलेल्याकडूनच करून घ्या; शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 5 मध्ये दुरुस्ती आणि फेरबदल दोन्ही येतात.